टिकते का बघू

कॉम्प्युटरच्या पाठीमागे बायकोची किल्ली नव्हती. रविवारी सकाळी चहाचा कप एका हातात सांभाळत तो टेबलाखाली वाकला, कळ दाबली, आणि वर येता येता त्याला ती रिकामी खाच दिसली. किल्ली म्हणजे कुलपाची नव्हे. अंगठ्याच्या पेराएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा, टोकाला हिरवा दिवा. बायकोचा भरतकामाचा प्रोग्रॅम ती खोचलेली असली तरच चालायचा, नाहीतर तोंड फिरवून बसायचा. इतकी वर्षं ती त्या खाचेत होती की तिच्याभोवती धुळीची चौकट तयार झाली होती, आणि आता चौकट होती पण किल्ली नव्हती. पडली असेल, असं म्हणून त्याने फरशी चाचपली. वायरींच्या गुंत्यात एक टाचणी, लाल-निळ्या दोऱ्यांचे तुकडे आणि त्याचा स्वतःचा हरवलेला स्क्रू-ड्रायव्हर सापडला. तो स्क्रू-ड्रायव्हर बायकोने कुठेतरी ठेवून दिला, असं त्याने आठवडाभर घरात सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांना म्हणजे बायकोलाच. आतल्या खोलीत कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला. "अगं, किल्ली कुठंय?" एवढंच विचारायचं होतं, तोंडही उघडलं होतं. पण विचारलं तर उत्तर येईल, आणि उत्तर आलं तर दिवस सकाळीच संपेल, असं वाटून त्याने चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता. चहा करणारीने गरमच दिला होता, हे माहीत असूनही तो तिच्यावरच चिडला.

पडद्यावर पाटी आली होती: कोणती सुरू करायची? खाली ओळीने नावं. सगळ्यात वर जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्याखाली त्याने गेल्या काही महिन्यांत आणून घातलेल्या बाकीच्या. ही पाटी त्यानेच या घरात आणली होती. पूर्वी कळ दाबली की यंत्र मुकाट्याने सुरू व्हायचं आणि बायकोच्या चित्रांपाशी जाऊन थांबायचं. आता ते दर वेळी दारात उभं राहून विचारायचं, आणि कोणी उत्तर दिलं नाही तर थोडं थांबून आपल्या मनाने कुठल्यातरी खोलीत शिरायचं. ती खोली कुठली असावी हे तो सारखं बदलायचा. त्यामुळे सकाळी भांडी आवरून बायको येऊन बसली की समोर कधी निळा पडदा, कधी हिरवा, कधी नुसतीच काळी पाटी. "अहो, माझं कुठे गेलं?" ती विचारायची. सुरुवातीला हसून, मग न हसता, मग तिने विचारणंच सोडलं. ती यंत्र बंद करून पुन्हा चालू करायची आणि पाटी येईपर्यंत हाताची घडी घालून उभी राहायची. ती तशी उभी राहिली की त्याला वाटायचं, आपण काहीतरी समजावून सांगितलं पाहिजे. आणि तो सांगायचा. ती ऐकून घ्यायची, हे आणखी वाईट होतं.

मंगळवारी जेवताना तिने सांगितलं होतं. आवाज चढवला नव्हता. मीठ पुढे सरकवावं तशी बोलली होती. "शाळेचे गणवेश शिवतात ना, त्या दुकानाच्या बाईंनी मागच्या खोलीत मला टेबल देऊ केलंय. कॉम्प्युटरही आहे त्यांच्याकडे. माझं भरतकामाचं मशीन तिथे नेऊन ठेवायचं, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. मी अजून हो म्हटलेलं नाही. रविवारपर्यंत तुमचं काय ते ठरवा. तुमचं ठरलं नाही तर मी माझं ठरवते." तो म्हणाला, "ठरेल की. त्यात काय." त्या बाई तिला आज नाही, कितीतरी वर्षं बोलावत होत्या. तेव्हा ती जात नव्हती. घरातूनच बरं पडतं म्हणायची. तेव्हा तो दिवसभर बाहेर असायचा आणि घर तिचं एकटीचं होतं. आता तो निवृत्त होऊन घरी बसला, आणि आता तिला टेबल हवं होतं बाहेर. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायला तो तयार नव्हता. प्रश्न सिस्टिमचा आहे, असं त्याने स्वतःला बजावलं. योग्य सिस्टिम सापडली की सगळं जिथल्या तिथे बसेल.

सुरुवात तर किती साधी होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक निरोप आला होता की या सिस्टिमला अमुक तारखेनंतर कंपनीकडून काही मदत मिळणार नाही. बायकोने वाचलं आणि मोठ्याने हसली. "घ्या, तुमच्या जोडीला आणखी एक." तो हसला नाही. नवी सिस्टिम टाकायला गेला तर नवीने यंत्राकडे बघून नाक मुरडलं: हे यंत्र पुरेसं नाही. म्हणजे जुनी सोडून चालली आणि नवी घरात यायला तयार नाही. मग जावयाला फोन. जावयाचं पोटच या धंद्यावर होतं. "बाबा, फुकटच्या कितीतरी आहेत. त्यातली कुठलीही टाका हो. सगळ्या सारख्याच." "सारख्याच असत्या तर इतक्या कशाला काढल्या असत्या?" "तो आवडीचा प्रश्न आहे. तुम्हाला जी आवडेल ती." "मला काय आवडतं ते मला कसं कळणार?" यावर जावयाने फोन पुढे दिला. मग फोनवर मुलगी आली. "बाबा, आईचं काम चालतंय ना त्या यंत्रावर? मग इंटरनेटची वायर काढून ठेवा नि आहे तेच वापरा. नसती उठाठेव कशाला?" त्याने फोन ठेवला आणि कितीतरी वेळ धुसफुसत बसला. वायर काढून ठेवायची! हा काय निर्णय झाला? निर्णय म्हणजे सगळं समोर मांडून, पारखून, एकावर बोट ठेवणं. पोरीला निर्णय म्हणजे काय तेच कळत नव्हतं.

आणि त्याला तरी कुठे कळत होतं? चहाचा कप बाजूला सारून तो पाटीकडे बघत बसला. खरं म्हणजे आयुष्यात त्याला कोणी असं ओळीने मांडून विचारलंच नव्हतं. यंत्रांकडे जा, हे वडिलांनी ठरवलं. नोकरीचा अर्ज मामाने भरला, त्याच्या सहीची जागा तेवढी मोकळी ठेवून. मुलगी आत्याने बघितली, घरी येऊन म्हणाली, "बघितली, चांगली आहे," आणि ती चांगली होती. घर सोडतीत निघालं, तिसऱ्या मजल्यावरचं. नोकरीत तो लिफ्ट तपासणारा निरीक्षक झाला, आणि राहायला मिळाली लिफ्ट नसलेली इमारत. यावर कचेरीत पुष्कळ विनोद झाले. लिफ्ट कुठली बसवायची हे बांधणारे ठरवत, कोणी बसवायची हे कंपन्या ठरवत. सगळं झाल्यावर याला बोलावत: टिकते का बघा. तेवढंच त्याचं काम. लिफ्टच्या डब्यात पूर्ण भाराची लोखंडी वजनं रचायची, माणसं बाहेर काढायची, आणि मग वरच्या मशीनरूममधून दोर तुटल्यासारखं करून डबा सोडून द्यायचा. डबा सुटतो. पोटातून काहीतरी निघून जातं. मग डब्याखालचे जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांवर आवळतात आणि सबंध इमारत किंचाळते. त्यानंतर जी शांतता येते, ती त्याला जगात सर्वांत प्रिय होती. त्या शांततेत तो खिशातून पेन काढायचा आणि दाखल्यावर सही करायचा. त्याचे सहकारी नुसते कागद बघून, डबा हळूच वरखाली करून सह्या करत. हा करत नसे. लिफ्टवाल्या मिस्त्रींनी त्याचं नाव 'पाडू' ठेवलं होतं. पाडू आला रे, म्हटलं की पोरं वजनं उचलायला लागत. त्याच्या कानावर ते नाव यायचं आणि त्याला बरं वाटायचं, कारण पाडूच्या सहीची लिफ्ट कधी पडली नाही.

तेव्हा त्याने सिस्टिमी तशाच तपासल्या. दुसरी काही रीत त्याला ठाऊकच नव्हती. वेगळी डिस्क आणून तो एकेक सिस्टिम तिच्यावर चढवायचा, तिला भरपूर कामाला जुंपायचा, एक मोठी फाईल इकडून तिकडे न्यायला लावायचा, गाणं चालू ठेवायचा, चार खिडक्या उघडायचा, आणि ती ऐन भरात आली की भिंतीतला प्लग उपटायचा. पडदा काळा व्हायचा. पंख्याची घरघर विरत जायची. मग पुन्हा प्लग घालून तो हात मांडीवर ठेवून बघत बसायचा: उठते का? पहिली उठली पण गाणं विसरली. दुसरी उठलीच नाही. तिला त्याने रागाने पुसून टाकलं. तिसरी इतक्या लवकर उठली की त्याला तिचा संशय आला. एक चांगली होती, गंभीर, कमी बोलणारी. पण ती बायकोची किल्ली ओळखेना. खाचेत हिरवा दिवा लागलेला स्पष्ट दिसे आणि ही म्हणे, इथे काहीच नाही. त्याने सगळे उपाय केले. लोकांनी लिहून ठेवलेले तोडगे वाचले. एकाचा तोडगा केला की दुसरंच काहीतरी बिघडायचं, मग त्याचा तोडगा. एक ना धड, भाराभर चिंध्या. "तुमचं आवडीचं काही सापडतंय का?" बायको जाता येता विचारायची. आवडीचं! जी टिकेल ती आवडेल, असं तो म्हणायचा. आणि एखादी टिकली की त्याला वाटायचं, एकदा टिकली. पुन्हा टिकेल कशावरून?

या सगळ्यात बायको आपलं काम करत होती, उरलेल्या वेळात, उरलेल्या जागेत. शाळांचे बिल्ले, दवाखान्यातल्या कोटांच्या खिशावरची नावं, टॉवेलांच्या कडा. आधी पडद्यावर एकेक टाका आखायचा, मग शेजारचं मशीन तो कापडावर घालायचं. तो तिच्या मागे उभा राहून कधी कधी बघायचा. एकदा त्याने तिची चूक पकडली होती: बिल्ल्याचं वर्तुळ तिने लांबोडकं काढलं होतं. "हे गोल नाहीये." "माहितीये." "मग नीट कर की." "दोरा कापडाला ओढतो हो. गोल काढलं तर चपटं येतं. थोडं वाकडं काढलं की गोल येतं." मशीन चाललं, आणि ते खरोखरच गोल आलं. त्या दिवशी त्याला तिच्याबद्दल आदर वाटला, आणि का कोण जाणे, रागही आला. त्याच्या परवानगीवाचून ती इतकं काही शिकून बसली होती. पण मशीनचा तो आवाज त्याला आवडायचा. दुपारी तो आडवा पडलेला असायचा आणि बाहेरच्या खोलीत टाके पडत असायचे, मध्येच थांबायचे, रीळ बदललं जायचं, पुन्हा सुरू. निवृत्तीनंतरच्या त्या लांबलचक दुपारींत तेवढाच एक आवाज असा होता की जो ऐकताना आपण कोण, कुठे पडलो आहोत, हे त्याला नीट कळायचं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

आणि बुधवारी त्याने तो प्लग उपटला होता. ते आठवलं आणि त्याने पाटीवरची नजर काढून खिडकीकडे नेली. मंगळवारी तिने रविवारची मुदत दिली, आणि बुधवारी सकाळी त्याला एकदम सुचलं की सगळ्यांची चाचणी झाली, जुनीची कुठे झाली? इतकी वर्षं चालली म्हणून ती पास, हा कुठला न्याय? बायको बिल्ल्याचा सिंह आखत होती. दाराची घंटा वाजली, ती उठून गेली, दारात शेजारीण होती, बोलणं लांबलं. तो टेबलापाशी आला. सिंहाची अर्धी आयाळ पिवळ्या टाक्यांत भरून झाली होती. त्याला पोटात ते ओळखीचं हलकं हलकं वाटायला लागलं, डबा सुटण्याआधी वाटायचं तसं. वाकून त्याने प्लग ओढला आणि लगेच परत घातला. ती आली तेव्हा पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी तपासणं चाललं होतं. "लाईट गेली वाटतं," तो म्हणाला. तिने एकदा वर छताकडे बघितलं आणि खुर्चीत बसली. पुष्कळ वेळाने यंत्र उठलं. जुनी टिकली होती! त्याला इतका आनंद झाला की तो चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेला. गुरुवारी कळलं की सिंहाची फाईल उघडते पण आयाळीपाशी थांबते, पुढचं सगळं गेलं. ती गुरुवारी दिवसभर आणि शुक्रवारी दुपारपर्यंत पुन्हा पहिल्यापासून आखत बसली. तो शेजारी बसून म्हणत राहिला, "बघ, म्हणून म्हणतो बदलायला हवी."

बदलायला काय हवं होतं? आतल्या खोलीत पुन्हा खण ओढला गेला, कशालातरी चिकटपट्टी लावल्याचा चरचर आवाज आला. त्याने तो ऐकला आणि ऐकला नाही. त्याच्या मनात भलतंच आलं होतं. पूर्ण भाराची चाचणी लिफ्ट नवी असताना एकदाच घ्यायची असते. हा नियम होता, आणि तो त्याने स्वतः नव्या निरीक्षकांना शिकवला होता. जबडे रुळांना पकडतात तेव्हा रूळ खरवडले जातात. चाचणीनंतर खाली उतरून ते कानशीने घासावे लागतात, जबडे मोजावे लागतात. पुढच्या वर्षांत फक्त रिकामा डबा, हळू वेगाने, नुसता हात लावून बघितल्यासारखा. "टिकतं हे एकदा बघायचं," तो वर्गात उभा राहून सांगायचा. "सारखं सारखं बघत बसलात तर तुमच्या बघण्यानेच ते टिकेनासं होईल." पोरं लिहून घ्यायची. आणि हाच माणूस घरी येऊन काय करत होता? लग्नाच्या पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं होतं की त्याची लांब कुठेतरी बदली झाली आहे. झाली नव्हती. ती काय म्हणते हे बघायचं होतं. तिने एक शब्द न बोलता माळ्यावरून ट्रंक काढली. मुलगी लहान असताना तो कशावरून तरी बोलायचा बंद झाला, कोण आधी बोलतं ते बघायला, तीच बोलली. शिवणाच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने ते भरतकामाचं मशीन आणलं, तेव्हा तो म्हणाला, "हा पांढरा हत्ती किती दिवस पोसणार?" ती म्हणाली, "बघू," आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. दर वेळी ती टिकायची. दर वेळी त्याच्या पोटात ती शांतता उतरायची आणि तो पोटभर जेवायचा. खाली उतरून काही खरवडलं का, हे बघायला तो एकदाही गेला नाही. एकदाही नाही, हे त्याला आता, या खुर्चीत, गार चहाशेजारी कळलं, आणि त्याला स्वतःचा इतका संताप आला की त्याने कप उचलून आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

मग तो कामाला लागला. असं काम त्याने कित्येक महिन्यांत केलं नव्हतं. यंत्राच्या बाजूचं झाकण उघडलं, त्याने आणलेली डिस्क सोडवली आणि तिच्यावरच्या सगळ्या फुकटच्या, निळ्या, हिरव्या, गंभीर सिस्टिमींसकट खोक्यात ठेवून दिली. इंटरनेटची वायर उपटून गुंडाळली. कोणती सुरू करायची, असं विचारणारी ती पाटी काढून टाकायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती जायला तयारच नव्हती. एकदा घरात आलेला प्रश्न घरातून घालवणं किती कठीण असतं, ते त्याला त्या तासाभरात समजलं. घामाघूम होऊन त्याने शेवटी कळ दाबली. यंत्र घरघरलं आणि काहीही न विचारता सरळ बायकोच्या चित्रांपाशी जाऊन थांबलं. त्याने ती चित्रं तिच्या सवयीच्या जागी ओढून लावली: डाव्या कोपऱ्यात भरतकामाचा प्रोग्रॅम, त्याखाली शाळा, त्याखाली दवाखाने. पोरीने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच झालं होतं, आणि तरी हे ठरवलेलं होतं, त्याने ठरवलेलं. एकदा बघावं का, उठते का ते? हात आपोआप भिंतीकडे गेला. तो त्याने मागे ओढला आणि मांडीखाली दाबून बसला.

"अगं, इकडे ये," त्याने हाक मारली. ती आली. तिच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं, त्यात दोऱ्यांची रिळं रंगारंगाने लावलेली, वर चिकटपट्टी.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"ठरलं. जुनीच. जशी होती तशी. आता काही विचारणार नाही ते. बस, उघडून बघ."

तिने खोकं खाली ठेवलं नाही. पडद्याकडे बघितलं, डाव्या कोपऱ्याकडे, मग खाली. "बरं केलंत," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ होता की त्याला एक क्षण वाटलं, सुटलो.

"बस ना मग."

"किल्ली दुकानात आहे. शुक्रवारीच देऊन आले."

"शुक्रवारी? तू रविवार म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"मग रविवारपर्यंत थांबायचं होतंस! आज रविवार आहे. मी आज केलंय की नाही? दिलेल्या मुदतीत केलंय."

"थांबले असते हो," ती म्हणाली. "बुधवारी लाईट गेली म्हणालात. मी वर बघितलं तर पंखा फिरत होता."

त्याने वर बघितलं. पंखा आत्ताही फिरत होता. एवढा मोठा निरीक्षक, आणि पंख्याचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं. ती रागावली असती तर त्याला काहीतरी धरायला मिळालं असतं. ती रागावलेली नव्हती. घरातलं एखादं जुनं भांडं गळायला लागलंय हे कळल्यावर माणूस जसं ते बाजूला ठेवतो, तशी ती शांत होती. "मला त्या सिंहाचं काही नाही," ती म्हणाली. "पुन्हा काढला. पण आता मी टेबलाशी बसले की माझं अर्धं लक्ष तुमच्या हातांकडे असतं. असं काम होत नाही हो." खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. "आलाच तो. मशीन जड आहे, एक बाजू धराल का?"

नाही म्हणता आलं असतं. पण तिने मागितलेली गोष्ट किती दिवसांनी इतकी सरळ होती, आणि ती करता येण्यासारखीही होती. मशीन चादरीत गुंडाळलेलं होतं. तिने एक बाजू धरली, त्याने दुसरी, आणि जिन्याशी आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. उलटे उतरा. मी सांगते." तो पाठीमागे काही न दिसता उतरू लागला. सगळा भार त्याच्या हातांवर येत होता, आणि मशीनच्या वरून तिचा चेहरा तेवढा दिसत होता, कपाळावर घाम, नजर त्याच्या पायांकडे. "पायरी," ती म्हणायची. "आणखी एक. आता सपाट." तो दर वेळी आधी पाय टेकवून, चाचपून, मगच वजन टाकत होता. "चाचपडू नका," ती धापा टाकत म्हणाली. "सांगतेय ना. मशीन हिंदकळतंय." त्याने न चाचपता पाय टाकला. पायरी तिथेच होती. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी मशीन टेकवून दम खाल्ला. मग पुन्हा उचललं.

खाली टेम्पोवाल्याने मागचं फळकं उघडून मशीन आत सरकवलं, दोरीने बांधलं. रिळांचं खोकं तो वर जाऊन घेऊन आला आणि त्याने ते पुढच्या सीटवर ठेवलं; ती ते मांडीवर घेणार होती. रस्त्यावर रविवार दुपारचा सुस्तपणा होता. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, एक कुत्रं सावलीत पसरलेलं. त्याचे हात अजून वजन धरल्यासारखे पुढे होते. ते त्याने खाली घेतले.

"मी येतो बरोबर," तो म्हणाला. "उतरवायला लागेल कोणीतरी."

"तिथे माणसं आहेत."

"मग नुसता येतो."

"नुसते येऊन काय करणार?"

खरंच काय करणार होता? तो टेम्पोच्या दाराला हात लावून उभा राहिला. सांगायला काहीतरी असायला हवं होतं, मुद्द्याचं, पटणारं. तो शोधत राहिला आणि त्याला एकही मुद्दा सापडला नाही. "मला घरात एकट्याला बसवत नाही गं," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटला. "तू टेबलाशी असलीस, तो टाक्यांचा आवाज येत असला, की मला बरं वाटतं. दुपार जाते. सिस्टिम कुठली का असेना."

ती आत चढता चढता थांबली. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली, ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी नव्हे.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग हे सांगायचं होतं ना हो," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले, आणि ती चिडलेलीही होती. "इतके महिने हेच सांगायचं होतं. मी काम थांबवून ऐकलं असतं."

"आता सांगितलं की."

"आता शब्द दिलाय त्यांना."

टेम्पोवाल्याने उगाच एकदा हॉर्न वाजवला. तिने सीटवरचं खोकं उचललं, आत बसून ते मांडीवर नीट ठेवलं, आणि दार ओढून घेतलं.